पुलाच्या पिक्चरचं शेवटचं रीळ

मारोती,

आधी मुद्द्याचं सांगून टाकतो, नाहीतर तू मधेच म्हणशील, "शंकऱ्या, पहिलंच रीळ लय लांबलं बे." पुलाच्या पिक्चरचा शेवट मी तुला खोटा सांगितला होता. त्या दिवसापासून तू सिनेमाच्या तंबूत पिक्चर सांगणं सोडलंस, ते माझ्या त्या एका खोट्यामुळे. तू गेलास त्याला आज पंधरा दिवस झाले. हे तुला तोंडावर सांगायला मला साठाहून जास्त वर्षं मिळाली होती.

तुला पोचवून घरी आलो, आंघोळ करून खाटेवर बसलो आणि डोक्यात पहिला विचार आला तो घोड्याचा. आता घोड्यावरून भांडायचं कोणाशी?

निजामाच्या अमलातला तो पिक्चर. आपण उर्दू शाळेत अलिफ-बे गिरवत होतो तेव्हाचा. हिरोला तोंडावर काळी पट्टी, हातात चाबूक आणि पुढे चांगलं सुटलेलं पोट. पण घोडा! त्या घोड्यासारखा नट मी पुन्हा पाहिला नाही, हे माझं मत मरेपर्यंत राहील. दरीच्या काठाशी येतो, खाली बघतो, मग मान वळवून पाठीवरच्या हिरोकडे असा बघतो, की तुला काही अक्कल आहे का? आणि तरी उडी मारतो. नोकरी कशी करावी ते मी त्या घोड्याकडून शिकलो. तू म्हणायचास, घोडे दोन होते. "कपाळावरचा टिक्का पाह्य ना! उडीच्या आधी चांदणीवानी, उडीच्या बाद भाकरीवानी." आपण दुसऱ्या दिवशी टिक्का बघायला परत गेलो, आणि नेमकं त्याच वेळी समोरच्याचं पागोटं आडवं आलं. पोलिस ॲक्शन झाली, विलीनीकरण झालं, त्या वर्षी तंबू आलाच नाही, मग आला तो खांबावर नवा झेंडा लावून. आत मात्र तोच घोडा. आणि आपण दोघं टिक्का बघायला पुढे!

आपण पिक्चरांची खरी नावं कधीच लक्षात ठेवली नाहीत. घोड्याचा, दाढीचा, मास्तरचा, पुलाचा. दाढीच्या पिक्चरमधला तो ऋषी तू विसरला नसशील. शाप देताना दाढी डावीकडे, उःशाप देताना उजवीकडे. सगळा तंबू हात जोडून बसलेला आणि तू खांबाला टेकून मोठ्यानं सांगतोस, "आता महाराजायची दाढी दमली, तिले जरा बसू द्या." बायका पदर तोंडात धरून हसत होत्या. मी म्हणतो तो पिक्चर भिकार होता. तू म्हणायचास, ज्या पिक्चरला कोंडाबाई हसली तो भिकार कसा? कोंडाबाई म्हणजे बाजारात कांदे विकणारी, आपल्या गावची सगळ्यात खडूस म्हातारी. ती हसली होती हे खरं आहे. तेवढा मुद्दा मी तुला आज देतो.

आजच्या पोरांना सांगावं लागतं, की तंबूत पिक्चर सांगणारा माणूस असायचा. पडद्यावरची माणसं उर्दूत किंवा तेलुगूत बोलत, खाली पोत्यावर बसलेली आपली माणसं मराठी. मग खांबाशी एक जण उभा राहून सांगायचा, हा काय म्हणतो, ती काय म्हणते. आपल्याकडे तो माणूस तू होतास. दिवसभर मळ्यात मिरच्या-वांगी तोडायची आणि दिवे लागले की तंबूत. तुझं तेलुगू बाजारात वांगी विकताना शिकलेलं. भाव, माप आणि थोड्या शिव्या, एवढंच. बाकीचं तू चेहरे बघून ओळखायचास. पडद्यावरचा मुलगा आईला दोन शब्द बोलून निघायचा. तू सांगायचास, "तो मनून राह्यला, माय, मी येतो, माझी भाकर झाकून ठेवजो." भाकरीचं नावसुद्धा त्यानं काढलेलं नसायचं. पण इकडे बायका रडायला लागायच्या. मी एकदा म्हटलं, अरे, हे त्याच्या तोंडात नाही. तू म्हणालास, "तोंडात नसन. पण मायच्या घरून निघून राह्यला, भाकरीचं काऊन नाई मनन?"

काळ्या-पांढऱ्या पिक्चरमध्ये तू लुगड्यांना रंग द्यायचास. "तिनं हिरवं लुगडं नेसलं." आणि खरंच हिरवं दिसायचं, मारोती! पुढे आदिलाबादला आपण पहिला रंगीत पिक्चर पाहिला, हिरॉइन गुलाबी साडीत आली, आणि तू माझ्या कानात पुटपुटलास, "गलत हाय. ही निळी पायजे व्हती."

आता माझं काम. तंबूच्या मालकाचे तंबू दोन आणि पिक्चर एक. एक तंबू दोन कोसांवरच्या खालच्या गावात, जिथे सगळी तेलुगू वस्ती, आणि एक आपल्या बाजाराच्या मैदानात. तिकडे दोन रिळं संपली, की ती डब्यात घालून मी सायकलवर आपल्याकडे आणायची. आपल्याकडे ती सुरू होईस्तोवर पुढच्या दोनांसाठी परत. त्यामुळे पिक्चर मी तुकड्या-तुकड्यांत पाहिले. शेवटचं रीळ तेवढं खालच्या गावात पूर्ण बघायला मिळायचं, कारण ते संपल्याशिवाय उचलता येत नसे. मधला भाग दुसऱ्या दिवशी मळ्यात तू सांगायचास. म्हणजे बघ, शेवट आधी मला कळायचा आणि बाकी सगळं तुझ्याकडून. एवढ्या एका गोष्टीत मी तुझ्या पुढे होतो आणि तिचा मला फार अभिमान होता.

राज्यांची वाटणी झाली. किनवट, राजुरा तिकडे मुंबई राज्यात गेले, आपण इकडे आंध्रातच राहिलो. तंबूतल्या निम्म्या बायकांची माहेरं एका सकाळी दुसऱ्या राज्यात गेली. त्याच हिवाळ्यात पुलाचा पिक्चर आला, तेलुगू, एकाच दिवसाचा. डबे दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी जाणार होते.

काय पिक्चर होता तो! एक गवंडी, त्याची एकुलती पोर. ती त्याच्या मनाविरुद्ध नदीपलीकडच्या मुलाशी लग्न करते. बाप शपथ घेतो, ही नदी मी जन्मात ओलांडणार नाही. आणि नेमकं त्यालाच त्या नदीवर पूल बांधायचं काम मिळतं. तो बांधतो, दगडावर दगड, वर्षानुवर्षं, केस पांढरे होईस्तोवर. शेवटच्या रिळात पूल खुला होतो. बैलगाड्या जातात, शेळ्या जातात, वाजंत्री जातात. बाप अलीकडच्या टोकाला दगडावर बसून पलीकडे बघत राहतो. पोरगी येणार का?

शेवटचं रीळ मी खालच्या गावात पाहिलं आणि माझ्या अंगावर काटा आला. मारोती, ती येते! पण पुलाच्या मध्यावर थांबते. पुढे पाऊल टाकत नाही. आणि मग तो म्हातारा उठतो. शपथ घेतलेला माणूस, गुडघ्यावर हात ठेवून उठतो आणि आपणच बांधलेल्या पुलावर पहिलं पाऊल ठेवतो. एक शब्द नाही, गाणं नाही, नुसता नदीचा आवाज. मी लहान पोरासारखा मशीनवाल्या गफूरभाईच्या मागे लागलो, "भाईजान, एक बार और लगाओ."

"सायकिल उठा मियाँ, तेरे गाँववाले बैठे हैं."

"एक बार, भाईजान."

त्यालाही तो शेवट आवडला असणार. लोक गेल्यावर रिकाम्या तंबूत त्यानं ते रीळ उलटं गुंडाळलं, पुन्हा चालवलं, पुन्हा गुंडाळलं. आम्ही दोघंच. तेवढ्यात आपल्या गावचा खोळंबा झाला. चेन तुटली होती असं मी नंतर सांगितलं. चेन कुठली तुटते! मी पिक्चर बघत होतो.

मग जी सायकल मारली! डबा मागे बांधलेला, तोंडानं मीच सनई वाजवतोय, की आता गाव हे बघणार, तुला वेड लागणार. मैदानात पोचलो तर तंबूत आवाज नाही, दंगा नाही. कनात बाजूला करून पाहिलं. रीळ आलं नाही म्हणून आपल्याकडच्या मशीनवाल्यानं नुसता उजेड सोडला होता. पडदा पांढरा. आणि त्या पांढऱ्या पडद्यासमोर तू उभा राहून शेवट सांगत होतास.

तुझा एकेक शब्द मला आठवतो. "पोरगी येते. लांबून येते. पण अर्ध्या पुलावर थांबते, कायले का, तिच्या मनात हाय, बाप उठन का? आता बाप उठते. पाय कापून राह्यले त्याचे. शपथ मोडून राह्यला, पण पाय पुढंच पडून राह्यला. अन् पोरीच्या हातात काय हाय, दिसते का तुमाले? फडक्यात भाकर हाय. बापासाठी बांधून आणली." आणि सगळा तंबू पांढऱ्या कापडाकडे बघत होता आणि त्यांना दिसत होतं! पुढे बसलेली तुझी धाकटी बहीण सखू हुंदके देऊन रडत होती. कोंडाबाईनं डोळे पुसले. मग लोक उठले, अंग झटकलं आणि समाधानानं घरी गेले. कोणी विचारलंसुद्धा नाही, की रीळ कुठे आहे.

मी कनातीशी डबा छातीशी धरून उभा. आयुष्यात एकदा मी सगळ्यात सुंदर गोष्ट घेऊन धावत आलो होतो, आणि ती कोणालाच नको होती. तू न बघता बघितली होतीस.

तू घामानं निथळत बाहेर आलास. "शंकऱ्या, तू पायला ना शेवट? कसा हाय बे खरा?"

आणि मी म्हणालो, "पोरगी येत नाही. बाप एकटाच बसून राहतो."

का म्हणालो? पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो, की मी थकलो होतो, गंमत केली. नाही. मला जळजळ झाली होती. तू एकदा तरी चुकावास असं वाटलं.

तू वांग्याच्या उपड्या टोपलीवर बसलास. "मंग मी लोकायले खोटं सांगितलं."

मला वाटलं होतं तू हसशील. दुसऱ्या दिवशी सकाळी तू घरोघर फिरलास. मी तुझ्या मागे होतो. प्रत्येक दारात तेच. "काल मी सांगितलं ते गलत व्हतं. पोरगी येत नाई." कोंडाबाई कांद्याची पाटी खाली ठेवून तुझ्यावर ओरडली, "नाई येत? काऊन नाई येत? पूल कायले बांधला मंग?" तू मान खाली घातलीस. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. पुढचा तंबू आला तेव्हा खांबाजवळची जागा रिकामी होती. मालक तुला घरी येऊन विनवून गेला. तू म्हणालास, माझं तेलुगू बाजाराचं हाय, लोकायची फसगत होते. ज्या वर्षांत तेलुगू पिक्चरच जास्त येऊ लागले आणि आपल्या माणसांना सांगणारा हवा होता, तेव्हाच तू थांबलास. बायकांची बाजू हळूहळू रिकामी झाली. मी तेलुगूची परीक्षा पास होऊन तहसीलच्या दफ्तरात लागलो.

पिक्चर मात्र आपण सोडले नाहीत. मास्तरच्या पिक्चरवरून आपण सहा महिने बोलत नव्हतो, आठवतं? पलीकडून आलेला मराठी पिक्चर, सगळं आपल्या भाषेत, सांगणाऱ्याची गरज नाही. तुला तो प्राणाहून प्रिय. माझं मत आजही तेच: तो मास्तर फार बोलतो. त्याच्या एका भाषणात एक वावर वखरून होईल. तू चिडून म्हणालास, "तुले सायकलची सवय. तुले पिक्चर पळाला पायजे." बरोबर आहे. मला अजूनही पळालेला आवडतो. पण त्या पिक्चरमधली मास्तरची बायको, जी एकदाच खिडकी लावते आणि एकदाच उघडते, तिच्यासाठी मी तो आणखी दोनदा बघून आलो. तुला सांगितलं नव्हतं.

अलीकडे तुझ्या नातवानं मोबाइलवर कुठल्या तरी परदेशाचा पिक्चर लावून दिला. खाली अक्षरं पळत होती. तू चष्मा पुसून बघितलंस आणि म्हणालास, "हे अक्षरं मंजे मीच हावो, शंकऱ्या. पण हे रडत नाईत." मी इतका हसलो, की चहा सांडला. आणि घरी जाऊन मला जेवण गेलं नाही.

कारण पुलाचा पिक्चर तू सोडला नव्हतास. दर दोन-चार वर्षांनी, बाजारात, लग्नात, कोणाच्या मातीला गेलो तरी तू मला बाजूला घ्यायचास. "समजून राह्यलं मले. सासऱ्यानं येऊ नसन देलं तिले." कधी, "ती बाळंतीण असन." कधी, "तिले निरोपच नाई गेला." न आलेल्या त्या पोरीची बाजू तू आयुष्यभर मांडत राहिलास. मी माना डोलावल्या. दर वेळी खोटं थोडं जुनं व्हायचं आणि थोडं जड.

शेवटचा तुला भेटलो तेव्हा तू पडूनच होतास. माझा हात धरलास. चेहरा असा उजळलेला, जणू टिक्का सापडला. "शंकऱ्या, आता सापडलं! पोरीची चूकच नाई. तो बाप बसून काऊन राह्यला? त्यानं उठाले पायजे व्हतं. अर्ध्यात तरी जाले पायजे व्हतं." मारोती, तू पुन्हा तिथेच पोचला होतास. पुलाच्या मध्यावर. माझ्या ओठावर आलं. तेवढ्यात तुझी सून चहा घेऊन आली, आणि मी म्हणालो, "हो, असेल." चार दिवसांनी तू गेलास.

परवा तेरवीला पंगती उठल्यावर लोक मांडवात बसले होते. मी तुझ्या खांबासारखा मांडवाचा बांबू धरून उभा राहिलो आणि पुलाचा पिक्चर सांगितला. पहिल्या रिळापासून! या वयात, मारोती! गवंडी केला, पोरगी केली, वाजंत्री केली, शेळ्यासुद्धा केल्या. पोरांनी मोबाइल खाली ठेवले. लुगड्याला रंग दिला, निळा. शेवटाला आलो तेव्हा माझे पाय खरंच कापत होते. पोरगी मध्यावर थांबली, बाप उठला. आणि मग सांगितलं, की हा शेवट मारोतीनं न बघता सांगितला होता, तो खरा होता, आणि मी त्याला खोटा म्हणालो होतो.

 नदीपलीकडच्या सासरहून आलेली सखू, आता तिचीही ऐंशी उलटली, ती म्हणाली, "भाऊ, आमाले तर तवाच मालूम झालं व्हतं. खालच्या गावचे लोक बाजारात आले, त्यायनं सांगितलं, पोरगी येते मनून. मी धावत दादाजवळ गेली व्हती."

"मग?"

"दादा मने, शंकर सोताच्या डोयानं पाहून आला. तो मले खोटं कायले सांगन?"

सगळ्या गावात माझं खोटं तू एकट्यानं खरं मानलंस. मी बांबू धरून तसाच उभा राहिलो. बसायचं कसं तेच आठवेना.

सखूनंच माझा हात धरून मला खाली बसवलं. जरा वेळानं तिनं हळूच विचारलं, "अन् भाकर? पोरीच्या हातात भाकर व्हती ना, भाऊ?"

हो म्हणणं सोपं होतं. पण तुझ्या तेरवीला, तुझ्या मांडवात, पुन्हा नाही. "नव्हती, सखू. हात रिकामे होते. भाकर मारोतीची."

तिनं पदरानं नाक पुसलं. मग म्हणाली, "इतक्या वर्षानं बापाले भेटाले आली अन् हात रिकामे? त्या पिक्चरवाल्यायले बहीण नसन."

आणि मारोती, सगळा मांडव हसला.